बिग बँग खोटा ठरला का? नववीच्या वर्गाला काय सांगू?

जुन्नरची_बाई

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेमागच्या टेकाडावर चढलं की जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात, त्यामुळे आमच्या पोरांना खगोलशास्त्र म्हणजे फक्त नासावाल्यांचं काम असं वाटत नाही. कुणाचा चुलता तिथे नोकरीला आहे, कुणाचं कांद्याचं वावर अँटेनाच्या कुंपणाला लागून आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं तेव्हा आम्हीही पुठ्ठ्याचे आणि तारांचे प्रकल्प घेऊन जातो.

तर झालं असं, की नववीतल्या एका मुलाने एक व्हिडिओ दाखवला. "जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँग खोटा ठरवला, शास्त्रज्ञ हादरले." मागे धडकी भरवणारं संगीत. वर्गात एकदम गलका. त्यातच एका मुलीने वही पुढे केली. तिने वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलं होतं, पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या छायाचित्रांत शोधलेल्या 'अलकनंदा' दीर्घिकेचं. ती म्हणाली, "बाई, इतक्या लवकर अशी दीर्घिका तयार होणं अपेक्षित नव्हतं असं यात लिहिलंय. पण ती तर दिसतेय. मग चुकलं कोण?"

व्हिडिओचं मी बघून घेईन. या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट द्यायचंय, सोमवारी.

मी थोडं वाचलं आणि गोंधळ वाढला. एकीकडे ही अलकनंदा, विश्व १५० कोटी वर्षांचं असताना आपल्या आकाशगंगेसारखे दोन सुबक सर्पिल बाहू घेऊन उभी. दुसरीकडे विश्वाच्या प्रसरणाचा वेग एका पद्धतीने ६७ आणि दुसऱ्या पद्धतीने ७३ येतो म्हणतात. तिसरीकडे प्रसरण वेगावत नेणारी कृष्ण ऊर्जा कमजोर पडतेय. चौथीकडे कुठलासा तारा म्हणे विश्वापेक्षाच म्हातारा. प्रत्येक लेखात एकच वाक्य: "प्रस्थापित मॉडेलला आव्हान." अहो, किती वेळा आव्हान द्यायचं एकाच मॉडेलला? यातलं खरं दुखणं कुठलं आणि नुसता गाजावाजा कुठला, हे कुणी सांगेल का? भौतिकशास्त्रात बीएस्सी आहे, आकडे चालतील. फक्त "सिद्धांत म्हणजे शेवटी अंदाजच" असं म्हणून विषय मिटवायचा नाहीये मला.

रात्रपाळी

बाई, "शास्त्रज्ञ हादरले" असं लिहिलेलं काहीही उघडायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

त्या व्हिडिओचं मूळ मात्र माहीत असू द्या. २०२२ च्या जुलैत वेबची पहिली छायाचित्रं आली. कॅन्सस विद्यापीठातल्या ॲलिसन कर्कपॅट्रिक 'नेचर'च्या बातमीदाराला गमतीने म्हणाल्या, की पहाटे तीनला जाग येते आणि वाटतं, आजवर आपण केलेलं सगळं चुकलं तर नाही ना. महिन्याभरात कुणीतरी ते वाक्य उचललं आणि बिग बँग झालाच नाही असा लेख ठोकून दिला. कर्कपॅट्रिकबाईंनी वैतागून ट्विटरवर स्वतःच्या नावाच्या मध्येच "बिग बँग झाला होता" असं घालून ठेवलं. त्या बोलत होत्या दीर्घिकांच्या आकारांबद्दल, विश्वाच्या जन्माबद्दल नव्हे. व्हिडिओ अजून फिरतोच आहे.

आरसेघाशा

बाई, आधी स्वतःबद्दल सांगतो. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या मोजमाप विभागातून निवृत्त झालो, आता घरी दुर्बिणीचे आरसे घासतो आणि उरलेल्या वेळात हे सगळं वाचतो. तेव्हा मोजणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगेन.

तुम्ही चार गोष्टी एका रांगेत मांडल्यात. त्यांचं वजन सारखं नाही.

म्हाताऱ्या ताऱ्याचं लगेच उरकतो. एचडी १४०२८३, तूळ राशीत, साधारण २०० प्रकाशवर्षांवर. साध्या बायनॉक्युलरमधूनही सापडतो. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने त्याचं अंतर बारकाईने मोजून वय काढलं ते १४४६ कोटी वर्षं, अधिक-उणे ८० कोटी. विश्वाचं वय १३८० कोटी. बातमीदारांनी अधिक-उणे गिळलं आणि १४४६ छापलं. आता १४४६ मधून ८० वजा करा. पुढे ताऱ्यांची सुधारित गणितं लावल्यावर वय १२०० कोटींच्या आसपास आलं, पण ती बातमी काही छापून आली नाही. टॉलरन्स न लिहिता मोजमाप दिलं तर आमचे साहेब कागद फेकून द्यायचे.

आता दीर्घिका. मुलांना एवढंच समजवा की ज्याला आपण सरसकट 'मॉडेल' म्हणतो त्यात एकावर एक तीन मजले आहेत. तळाला हे, की विश्व एकेकाळी तापलेलं आणि दाट होतं आणि तेव्हापासून प्रसरण पावतंय. त्यावर घटकांचा हिशेब: साधं द्रव्य ५ टक्के, कृष्णद्रव्य (दिसत नाही, पण त्याची ओढ जाणवते) २७, कृष्ण ऊर्जा ६८. आणि सगळ्यात वर, वायू थंड होऊन तारे कसे बनतात, फुटणारे तारे तो वायू पुन्हा कसा उधळतात, कृष्णविवरं काय करतात, याची संगणकावरची गणितं. हा वरचा मजला सगळ्यात कच्चा. तिथे बरेचसे आकडे निरीक्षणाला जुळवून घेतलेले असतात, आणि ते काम करणारे लोकही हे लपवत नाहीत.

वेबने हादरे दिले ते बहुतेक या वरच्या मजल्याला. फक्त एकदा हादरा खाली जाईल असं वाटलं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत इवो लाबे आणि सहकाऱ्यांनी सहा संभाव्य दीर्घिका दाखवल्या, विश्व ५० ते ७० कोटी वर्षांचं असतानाच्या. त्यातल्या एकीचं वस्तुमान १०,००० कोटी सूर्यांच्या घरात निघत होतं. हे खरंच धोक्याचं होतं. कारण मधल्या मजल्यावरून एक कमाल मर्यादा मिळते: त्या काळात कृष्णद्रव्याचे एवढेच ढीग जमले असणार, आणि प्रत्येकात साधं द्रव्य सहाव्या हिश्श्याच्या आसपास. आहे नाही तो सगळा वायू ताऱ्यांत बदलला तरी त्यापलीकडे जाता येत नाही. एरवी वायूचा थोडासाच भाग तारे होतो. या सहा जणी थेट त्या मर्यादेला टेकत होत्या.

मग वर्णपट घेतले गेले. सहांपैकी एक निघाली बरीच जवळची, आणि तिच्या पोटात वायू गिळणारं कृष्णविवर. वेबला असे लहान लाल ठिपके ढिगाने सापडलेत. त्यांचा उजेड सगळा ताऱ्यांचा समजला की वस्तुमान फुगून येतं. २०२४ मध्ये टेक्सस विद्यापीठातल्या गटाने असे ठिपके बाजूला काढून मोजलं, तर कमाल मर्यादा कुणीच ओलांडत नव्हतं. तरीही जड दीर्घिका अपेक्षेच्या जवळपास दुप्पट उरल्या. तेव्हा कोडं सुटलं असं म्हणू नका. ते खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर गेलं.

तुमच्या अलकनंदेकडे येतो. ताम्रसृती, म्हणजे प्रसरणामुळे उजेड किती लाल झाला त्याचं माप, सुमारे ४. व्यास ३०,००० प्रकाशवर्षं, ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे १००० कोटी सूर्यांएवढं, आणि दरवर्षी साठेक सूर्यांएवढे नवे तारे. आपल्या आकाशगंगेचा आजचा वेग याच्या विसाव्या हिश्श्याइतका. एबेल २७४४ नावाचा दीर्घिकांचा पुंजका मध्ये आहे, त्याच्या गुरुत्वाने भिंगाचं काम केलं म्हणून ती इतकी स्पष्ट दिसली. आता वस्तुमान बघा: मर्यादेच्या खूप आत. तेव्हा वजनाबद्दल कुणाची तक्रार नाही, आश्चर्य आहे ते घडणीचं. त्या काळातल्या तबकड्या जाड, खवळलेल्या, गुठळ्यागुठळ्यांच्या असाव्यात असं मानत होते. असे रेखीव दोन बाहू निघायला तबकडी बरीच निवलेली लागते. ती इतक्या लवकर कशी निवली? की शेजारच्या एखाद्या छोट्या दीर्घिकेने ओढ देऊन बाहू उमटवले? यासाठी तिचा वायू किती शिस्तीत फिरतोय ते मोजावं लागेल, नुसत्या छायाचित्रावरून ते कळत नाही.

मुलीला उत्तर: चुकला तो दीर्घिका कशा घडतात याचा आपला हिशेब. विश्वाच्या वयाला यातून धक्का नाही.

राहिला ६७ आणि ७३ चा वाद. माझ्या मते खरं दुखणं हेच.

७३ हे शिडीने येतं. जवळच्या ताऱ्यांचं अंतर त्रिकोणमितीने, त्यावरून सेफिड या, तेज लयीत कमीजास्त होणाऱ्या, रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता, त्यांच्यावरून सुपरनोव्हांची, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांची, आणि मग दूरच्या दीर्घिका. ॲडम रीस यांच्या गटाचा २०२२ चा आकडा ७३.०४, अधिक-उणे १.०४. एकक: दर मेगापार्सेकला, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किलोमीटर. प्लँक उपग्रहाचा आकडा ६७.४, अधिक-उणे ०.५. पण प्लँकने प्रसरण थेट मोजलेलं नाही, हे बहुतेक लेखांत निसटतं. त्याने मोजला विश्व ३,८०,००० वर्षांचं असतानाचा उजेड, आणि आपलं मॉडेल बरोबर धरून आज वेग किती असायला हवा ते काढलं. म्हणजे एका बाजूला मोजमाप, दुसऱ्या बाजूला मॉडेलचं भाकीत.

आमच्या विभागात दोन मायक्रोमीटर एकाच शाफ्टचा व्यास वेगळा दाखवायला लागले, की ठरलेला क्रम होता. आधी उपकरणावर संशय. मग ते ज्यावरून जुळवलं त्या स्लिप गेजवर. मग खोलीच्या तापमानावर. हे सगळं निर्दोष निघालं तरच म्हणायचं की शाफ्टच एकीकडे वेगळा आहे. इथेही तेच चाललंय. पहिला संशय होता की दूरच्या सेफिडला शेजारच्या ताऱ्यांचा उजेड चिकटतो. वेबची नजर हबलपेक्षा तीक्ष्ण, म्हणून तिच्याने हजाराहून अधिक सेफिड पुन्हा तपासले. संशय फेटाळला गेला, फरक तसाच. पण शिकागोच्या वेंडी फ्रीडमन यांचा गट लाल राक्षसी ताऱ्यांवरून मोजतो, त्यांना ७० च्या आसपास मिळतं, प्लँकपासून फारसं लांब नाही. म्हणजे स्लिप गेजवरचा संशय अजून पुरता फिटलेला नाही. माझा कल विचाराल तर रीस यांच्या बाजूने, पण सही करणार नाही.

वर्गात मात्र १९२९ ची गोष्ट जरूर सांगा. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाचा प्रसरणाच्या वेगाचा पहिला आकडा होता सुमारे ५००! त्यावरून विश्वाचं वय येत होतं २०० कोटी वर्षांच्या आसपास, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. पोर आईपेक्षा मोठं. वीसेक वर्षं हे असंच लोंबकळत राहिलं. पुढे महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे हल्ल्याच्या भीतीने मालवलेले असायचे. माउंट विल्सनवर वॉल्टर बाडे होते, जर्मन नागरिक, म्हणून त्यांना युद्धकामाला घेतलं नव्हतं. शंभर इंची दुर्बीण आणि काळंकुट्ट आकाश त्यांच्या वाट्याला आलं. देवयानीच्या दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे त्यांनी सुटे सुटे टिपले, आणि ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत हे ओळखलं. त्यातूनच सेफिडही दोन जातींचे असल्याचं कळलं. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी ते जाहीर केलं आणि एका फटक्यात विश्व दुप्पट झालं. १९५८ पर्यंत ॲलन सँडेज ७५ वर पोहोचले होते. त्या वेळी चूक गेजची होती, शाफ्टची नव्हती.

कृष्ण ऊर्जेचं टूसानकरांना विचारा, ते अमेरिकेत, जिथे ती मोजतात त्या वेधशाळेच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतात.

टूसानकर

पायथ्याशी नाही हो काका, टूसानपासून किट पीक गाडीने तास-दीड तास. पण स्वच्छ दिवशी घुमट दिसतो खरा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, वेधशाळेशी संबंध एवढाच की पाहुणे आले की त्यांना घेऊन तिकडे जातो.

बाई, तिथल्या मेयॉल दुर्बिणीवर, चार मीटर आरशाच्या, डेझी नावाचं यंत्र बसवलंय. ५००० प्रकाशतंतू, आणि प्रत्येकाला स्वतःचा चिमुकला रोबो, जो तंतूचं टोक नेमक्या दीर्घिकेवर नेऊन ठेवतो. एका दमात ५००० वर्णपट. २०२२ च्या जूनमध्ये वणवा थेट डोंगरमाथ्यावर आला, राहायच्या काही इमारती जळाल्या, दुर्बिणी वाचल्या. काही महिने काम बंद होतं.

ते मोजतात काय? विश्व तापलेलं असताना त्यातून ध्वनिलहरी जात होत्या. विश्व निवलं तेव्हा त्या जागच्या जागी थांबल्या आणि द्रव्याच्या मांडणीत एक ठरावीक अंतर उमटवून गेल्या, आजच्या मापाने सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षं. दीर्घिकांच्या विखुरण्यात ते अंतर अजून सापडतं. वेगवेगळ्या काळात ते आकाशात केवढं दिसतं यावरून प्रसरणाचा इतिहास काढायचा.

२०२५ च्या मार्चमध्ये तीन वर्षांची मोजणी आली, दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसार (दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे). प्लँक आणि सुपरनोव्हांची यादी सोबत घेतली की कृष्ण ऊर्जा स्थिर न राहता काळानुसार कमी होतेय असं मानल्यावर आकडे जास्त चांगले जुळतात. किती खात्रीने? २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजायचं माप). हे 'ते'च मला खटकतं. तीन वेगवेगळ्या सुपरनोव्हा-याद्या आहेत आणि कुठली घ्याल त्यावर उत्तर बदलतं. ज्या यादीने ४.२ दिलं होतं, तिचीच मोजणी पुन्हा तपासली तेव्हा ते ३.२ वर उतरलं. शोध लागला म्हणायला या लोकांत पाचाची रीत आहे.

आणि एक गोष्ट, जी "सगळं मॉडेल कोसळतंय" वाले कधीच सांगत नाहीत. डेझीला हवी तशी बदलती कृष्ण ऊर्जा घेतली, तर काकांच्या ६७-७३ चं भांडण मिटत नाही. उलट ६७ आणखी थोडा खाली सरकतो. म्हणजे ही दोन दुखणी एका औषधाने बरी होणारी नाहीत. दोन्ही एकदम खरी असतील तर मोठाच गुंता आहे, आणि एखादं खोटं असेल तर आधी कुठलं जाणार यावर इथे कॉफीच्या टेबलावर पैजा लागतात.

हटवादी

सगळे मिळून मॉडेल वाचवायच्याच मागे लागलेले दिसता. मी पुण्याचा, नारळीकर सरांची व्याख्यानं ऐकत मोठा झालो. सर २०२५ च्या मे महिन्यात गेले, तोवर त्यांनी बिग बँगबद्दलची शंका सोडली नाही. २००४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'मध्ये तीसहून अधिक जणांनी खुलं पत्र लिहिलं, त्यात त्यांची सही होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: निरीक्षण जुळलं नाही की तुम्ही एक नवी अदृश्य वस्तू आणता. दीर्घिका जोरात फिरतात, आणा कृष्णद्रव्य. प्रसरण वेगावतंय, आणा कृष्ण ऊर्जा. विश्व सगळीकडे सारखंच गरम, आणा इन्फ्लेशन, म्हणजे अगदी सुरुवातीचा अफाट फुगवटा. ९५ टक्के माल कुणी पाहिलेला नाही. साउथ डकोटात दीड किलोमीटर जमिनीखाली टनांनी द्रवरूप झेनॉन भरून बसलेत, कृष्णद्रव्याचा एक कण सापडलेला नाही.

आणि आता प्रौढ दीर्घिका लवकर दिसल्या तर म्हणे "वरचा मजला कच्चा." सरांच्या अर्ध-स्थिरस्थिती सिद्धांतात विश्व याहून कितीतरी जुनं आहे, तिथे अलकनंदेचं आश्चर्यच वाटलं नसतं. हे तरी वर्गात सांगाल की नाही?

आरसेघाशा

@हटवादी, जरूर सांगावं. कृष्णद्रव्याचा कण सापडलेला नाही हे अगदी खरं, आणि कृष्ण ऊर्जा म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नाही हेही खरं. पैसा आणि दुर्बिणीचा वेळ एकाच कल्पनेला मिळतो ही सरांची तक्रारही मला रास्त वाटते.

पण सरांना त्या व्हिडिओच्या पंगतीला बसवू नका. व्हिडिओवाले म्हणतात विश्व प्रसरणच पावत नाही, प्रकाश वाटेत थकतो म्हणून लाल होतो. सरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत मांडलेल्या सिद्धांतात प्रसरण आहे, फक्त सुरुवात नाही. थकलेल्या प्रकाशाची कल्पना वेगळ्या कारणाने पडते. प्रसरण असेल तर दूरचा सुपरनोव्हा नुसता लाल दिसून भागत नाही, तो सावकाश मंदावताना दिसला पाहिजे. २०२४ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या १५०४ सुपरनोव्हांवर हे तपासलं. जेवढी ताम्रसृती, तेवढाच घड्याळाचा संथपणा. प्रकाश नुसता थकत असता तर घड्याळ असं मंदावलं नसतं.

सरांच्या सिद्धांताची अडचण दुसरीकडे. सूक्ष्मलहरींचं पार्श्वभूमीचं प्रारण, म्हणजे प्लँकने मोजला तो उजेड, त्यांनी ताऱ्यांच्या जुन्या उजेडातून काढलं होतं, लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी तो उजेड शोषून पुन्हा सोडला असं मानून. कल्पना हुशार. पण त्या प्रारणात जे बारीक चढउतार आहेत, त्यांचा अख्खा आलेख प्लँकने मोजला, आणि आपलं बदनाम मॉडेल सहाच आकडे धरून तो आलेख काढून देतं. डेझी ज्या अंतराने मोजते ते अंतरही त्याच आलेखातून येतं. लोखंडी सुयांनी ते इतक्या नेमकेपणाने निघालं नाही. शिवाय वेबने जितकं मागे पाहिलं, तितक्या दीर्घिका सरासरीने लहान आणि जड मूलद्रव्यांत गरीब होत जाताना दिसतात. जे आश्चर्य आहे ते त्या चढणीचा वेग जास्त निघाला याचं. चढण आहेच.

बेळगावकरीण

मध्येच घुसते. आव्हान मिळालं आणि विरलं, असंही एक उदाहरण वर्गाला द्या, आणि तेही आपल्या शेजारचं.

२०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर, जेवणाच्या टेबलाएवढ्या अँटेनाने एजेस नावाच्या प्रयोगाला ७८ मेगाहर्ट्झला एक खळगा दिसला. पहिले तारे पेटल्यावर हायड्रोजनने प्रारण शोषल्याची खूण. खळगा असणं अपेक्षित होतं, पण तो अपेक्षेच्या दुपटीहून खोल निघाला. लगेच शोधनिबंधांची रीघ लागली: हायड्रोजनला कृष्णद्रव्याने थंड केलं असेल वगैरे.

बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या लोकांना शंका आली जमिनीची. अँटेनाखालच्या मातीत थर असतात, ओल कमीजास्त असते, त्यांवरून परतणाऱ्या रेडिओलहरी असे खोटे खळगे पाडू शकतात. पाणी मात्र खालपर्यंत एकसारखं. म्हणून त्यांनी सारस नावाचा आपला अँटेना तराफ्यावर चढवला आणि २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या तळ्यात सोडला, आधी दंडिगनहळ्ळीला आणि मग शरावतीच्या धरणाच्या फुगवट्यात. ७८ मेगाहर्ट्झ म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली, त्यामुळे वस्तीपासून लांब जाणं भागच होतं. २०२२ मध्ये निकाल छापला: तसा खळगा नाही, खात्री ९५.३ टक्के. पोरांना हे फार आवडेल, विश्वाची पहाट तराफ्यावरून मोजणं.

जुन्नरची_बाई

सगळ्यांना धन्यवाद. सोमवारचा तास झाला. बाडेंची गोष्ट सगळ्यांत जास्त रंगली, "पोर आईपेक्षा मोठं" म्हटल्यावर हसून हसून पुरेवाट. अलकनंदावाल्या मुलीने तीन मजले फळ्यावर स्वतः काढले आणि प्रत्येक बातमी कुठल्या मजल्यावरची ते ठरवून खाली लिहिलं. ६७-७३ कुठे लिहायचं यावर वर्गात वाद झाला. शेवटी तिने ते जिन्यात लिहिलं. मी खोडलं नाही.

व्हिडिओवाला मुलगा मात्र गप्प होता. तास संपल्यावर आला आणि म्हणाला, "बाई, अगदी तळमजल्यावर काहीच जुळत नाही असं नाही का?" मी हेलियमचं सांगितलं, की पहिल्या काही मिनिटांत चौथा हिस्सा हेलियम बनला हे गणित आणि मोजमाप दोन्हीकडून येतं. पण त्याला जुळणारं नको होतं, न जुळणारं हवं होतं. आहे का असं काही?

आरसेघाशा

आहे. लिथियम.

त्याच पहिल्या मिनिटांच्या गणितातून हेलियम आणि ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) जवळजवळ बिनचूक येतात. लिथियम मात्र गणिताने जेवढं यायला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच जुन्या ताऱ्यांत सापडतं. फ्रान्समध्ये स्पीट पती-पत्नींनी १९८२ मध्ये दाखवलं की जुन्या ताऱ्यांत हे प्रमाण जवळपास सारखंच असतं, मग तारा कुठलाही असो. त्या वेळी वाटलं, सुरुवातीचं लिथियमच सापडलं. मग मॉडेलचे आकडे नेमके होत गेले आणि फरक उघडा पडला. ताऱ्यांनीच आपलं लिथियम आत ओढून जाळलं असेल, हा बहुतेकांचा कल. पण मग सगळ्या ताऱ्यांनी इतकं सारखं कसं जाळलं, यावर अडतं. अणुकेंद्रांच्या अभिक्रिया प्रयोगशाळेत पुन्हा मोजून झाल्यात, तिथे चूक निघाली नाही.

वेबच्या सगळ्या बातम्यांपेक्षा ही कितीतरी जुनी, आणि हिच्यावर एकही व्हिडिओ मी पाहिलेला नाही. त्याला सांगा, हवा तर त्याने करावा.